टाकीतल्या पुरचुंड्या

सिंदेवाहीत राहिलेल्या आणि सिंदेवाहीतून निसटलेल्या समस्त मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घरच्या संडासाच्या टाकीला तीन वर्षं जी गळती होती, तिचा एकमेव गुन्हेगार मी आहे.

नव्वदच्या सुमारास पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी निघालो. एसटी स्टँडवर बाबा एवढंच म्हणाले, "पोचला का चिठ्ठी टाकजो." आईनं राखेत घोळलेल्या वालाच्या बियांची पुरचुंडी हातात कोंबली. "तिथी लावजो." पुण्यात माझ्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरची खोली आली. बिया ड्रॉवरमध्येच राहिल्या आणि चिठ्ठीत मी लिहिलं, वेल मस्त चढलाय. ही माझी पहिली थाप.

सात-आठ वर्षांनी अंगावर सेंट आणि डोक्यात सुधारणा घेऊन मी घरी आलो. परसातल्या संडासात पुण्यासारखी फ्लशची टाकी हवीच! चिनी मातीची, पांढरीशुभ्र. बाबा म्हणाले, मेस्त्री बोलावू. मी म्हटलं, मी इंजिनिअर कशाला झालो मग? अर्धी गल्ली बघायला जमली. पाण्याच्या नळीचा नट प्लास्टिकचा होता. पण आमच्याकडे हातपंपापासून बंडीच्या चाकापर्यंत सगळं दात-ओठ खाऊन आवळायची रीत. मीही मोठा पाना घेऊन जीव लावून आवळला. कट्, असा बारीक आवाज आला. मी तो माझ्या भाषणात बुडवला, फ्लश ओढून दाखवला, वाहवा घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं पसार झालो.

पुढे दर दिवाळीला टाकी भरलेली असायची. खाली एक बादली असायची. "पाय धुवायले," आई म्हणायची. मी कधी खाली वाकून पाहिलं नाही.

मग एकदा ऑफिसच्या कामानं चंद्रपूरला आलो आणि न कळवता घरी धडकलो. फ्लश ओढला, तर थेंब नाही. झाकण उचललं. कोरड्या टाकीत धानाच्या, वालाच्या, भोपळ्याच्या बियांच्या पुरचुंड्या नीट रचलेल्या!

"त्याच्यावर उंदीर चढत नाई रे," आई चोरी पकडल्यासारखी म्हणाली.

मी येणार म्हटलं की पुरचुंड्या काढायच्या, कॉक उघडायचा, गळतीखाली बादली लावायची. मी गेलो की कॉक बंद, नाहीतर सकाळपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी. तीन वर्षं हे चाललं होतं.

"मेस्त्री काऊन नाई बोलावला, बाबा?"

"बोलावला असता तं गावभर झालं असतं. इंजिनेरनं नट फोडला म्हणून."

मी आयुष्यात फार ठिकाणी तोंडघशी पडलोय आणि ते किस्से रंगवून सांगून टाळ्याही मिळवल्यात. त्या दिवशी मात्र संडासाच्या दारात मला मान वर करता येईना.

बाबा आणि मी रशीदभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. त्यांनी फुटका नट उजेडात धरला. "पाना मारला काय? हा हातानंच आवळाचा असते भाऊ. कोणं केलं हे?"

"म्या," बाबा पटकन म्हणाले.

"नाही, रशीदभाई. मी," मी म्हटलं. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. कान तापले, पण सुटल्यासारखंही वाटलं. परतताना बाबांना वालाच्या वेलाचीही खरी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "माहीत होतं."

नवी नळी, नवा वॉशर, नट नुसत्या हातानं आवळला. खाली वर्तमानपत्र पसरलं आणि तासभर पाहत बसलो. कागद कोरडा. पुण्यात आज माझा फ्लॅट आहे, दारावर माझी पाटी आहे. पण माझी फजिती माझ्यापासूनच लपवून ठेवतील, अशी माणसं फक्त या परसाच्या घरात होती. मी त्याला घर म्हणतो ते त्यामुळे.

शेवटी दोघांना बोलावून ऐटीत फ्लश ओढला. पाणी धो धो आलं. मी कौतुकासाठी आईकडे पाहिलं. ती पदरात सगळ्या पुरचुंड्या घेऊन उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं,

"अन् आता मी बियाणं कुठी ठेवू रे?"