मामींचा डावा तळपाय

आमच्या घरमालकीणबाईंइतका डॉक्टरांचा शब्द पाळणारा रोगी अख्ख्या चेन्नईत दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्या त्या पाळण्यापायी आम्ही सगळे अर्धमेले झालो. अड्यारच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही नवराबायको भाडेकरू, आणि खाली त्या आणि रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचं, त्यामुळे मराठी पोथीतली आणि हेल तमिळ. अख्ख्या गल्लीच्या त्या मामी, म्हणून आमच्याही मामी, आणि यजमान ते मामा. मामा सहसा बोलत नसत. त्यांच्या वाटचंही मामीच बोलून टाकत.

त्या वर्षी कमरेच्या मणक्यातली गादी सरकून मामींच्या डाव्या पायाची शीर दाबली गेली आणि ऑपरेशन करावं लागलं. कळ थांबली, पण डावा तळपाय बधिर तो बधिरच राहिला. "शीर सावकाश जागी होते," डॉक्टर म्हणाले, "महिने लागतात. एखाद्याची पुरती होतही नाही." शिवाय वाकू नका, वजन उचलू नका, कमरेत पिळू नका, आणि चपलेशिवाय पाऊल टाकू नका, कारण बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मामींनी डोलावली नाही. मान हलवलेली चालते का, हे अजून विचारायचं होतं.

घरी आल्यावर हा कायदा अमलात आला. कुणी हाक मारली की मामी देवळाचा रथ कोपऱ्यावर वळतो तशा सगळ्याच्या सगळ्या वळत. देवांपुढे वाकता येईना, तर मामांनी देव उचलून फ्रिजवर नेऊन ठेवले. शिंक आली तर टाके तुटतील ही धास्ती वेगळीच. डॉक्टरांनी सांगितलं, उशी पोटाशी घट्ट धरून शिंका. तेव्हापासून उशी बगलेत आली आणि मिरचीची फोडणी घरातून हद्दपार झाली. खालच्याच नव्हे, आमच्याही. आमटी पांढरीफटक होऊन पानात यायला लागली, तेव्हा मी तक्रार करायला खाली गेलो. "तुज आमटीची पडली, तंबी," मामी म्हणाल्या, "मज पाठीची पडली आहे." धाकट्या भावाला इकडे तंबी म्हणतात. धाकट्या भावाने मग वर जाऊन तीच आमटी ओरपली.

पण खरी गंमत झाली ती मामींना घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. इथे उजाडता उजाडता दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, पडलीच पाहिजे. नसली तर घरात कुणी गेलं असं लोक समजतात. मामी इस्पितळात होत्या तोवर माझी बायको जमेल तशी काढत होती. त्या दिवशी धांदलीत राहून गेली. आदल्या संध्याकाळी अ‍ॅम्ब्युलन्स दारात थांबलेली गल्लीने पाहिली होतीच. आठ वाजता खाली मान घातलेल्या बायका फाटकाशी जमल्या. मामांनी दार उघडलं. डोळे जागरणाने लाल, तोंडातून शब्द नाही. बायकांनी हंबरडाच फोडला. तेवढ्यात आतून मामींचा घाबराघुबरा आवाज आला, "अय्यय्यो, कोण गेलें हो?"

रडणं जागच्या जागी थांबलं. मामींनी सगळ्यांना आत बोलावून कॉफी पाजली आणि बायका गेल्यावर माझ्या बायकोला म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या घरची रडली नाही. खिडकींतून पाहिलें मी." मग दाराकडे पाहत पुटपुटल्या, "चपला घालून कोलम काढत नाहींत. पाय असाच राहिला तर माझा कोलम गेलाच म्हणायचा." मला ते फार लागलं.

मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून परतलो की रोज परीक्षा असे. मामी डोळे मिटून पडत, मामा कापसाचा बोळा तळव्यावर फिरवत, आणि मी बघायचं. "अंगठा!" मामी ठासून सांगत. मामांचा बोळा तेव्हा टाचेवर असायचा, किंवा अजून हवेतच. मामा माझ्याकडे पाहत, मी मामांकडे, आणि दोघेही "बरोबर" म्हणत असू. वर जाऊन मी बायकोवर उगीच डाफरायचो. फेब्रुवारी संपला, मार्च संपला, एप्रिलही गेला. दुपारी ऑफिसात मोबाइल वाजला की आधी घरचा नंबर नाही ना, ते बघायचो.

मे महिन्यातल्या एका रविवारी अकराच्या सुमारास फूलवाली गल्लीतून चालली होती आणि मामींना न विचारताच चांगला मोगरा समोरच्या घरी देत होती. इतके महिने एकही नियम न मोडलेल्या मामी ते पाहताच तशाच अनवाणी फाटकाबाहेर निघाल्या. मी गच्चीवरून ओरडलो, मामा चपला घेऊन धावले. तापलेल्या दगडावर मामींचं पाऊल पडलं आणि त्या किंचाळल्या, "भाजलें!"

कुठला पाय? मामींनी फाटक घट्ट धरलं, उजवा पाय उचलला, आणि डावा मुद्दाम पुन्हा दगडावर टेकवला. "भाजतें हो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "डावा भाजतो आहे."

मामा फाटकाच्या पायरीवर बसले. त्यांनी चपला बाजूला टाकल्या आणि मामींचं ते पाऊल दोन्ही हातांत धरलं. मी जिना उतरून येईपर्यंत ते लहान मुलासारखे रडत होते. "सोडा की हो, रस्त्यावर लोक पाहतात," मामी म्हणाल्या. मामा सोडेनात. मामींनीही मग पाय ओढला नाही. फूलवाली समोरचं घर आटपून आमच्या फाटकापर्यंत आली, थोडा वेळ थांबली, आणि पुढे निघून गेली. तिला कुणी हाक मारली नाही.