शेऱ्याचा रकाना

"साहेब, आसगावच्या कौसल्याबाईचं नाव काहून काढलं?" नाकाडेंनी यादी माझ्या टेबलावर ठेवली.

नाकाडे आमच्या कुष्ठरोग प्रकल्पाचे जुने कार्यकर्ते. सायकलवर गावोगाव फिरून रुग्णांना गोळ्या द्यायचे. वर्षभर लाखनीकडे होते, नुकतेच परत आले होते. मी भंडाऱ्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला.

"आहे की. ही काय!" मी नावावर बोट ठेवलं.

"हे तं गुजरीजवळची होय. मी बोडीवरचीचं विचारून राहिलो."

गुजरी म्हणजे बाजार, बोडी म्हणजे लहान तळं. एकाच गावात, एकाच नावाआडनावाच्या दोन बायका. मी काय करून बसलो होतो, ते माझ्या लक्षात आलं.

त्या काळी कॉम्प्युटरच्या जाती सरळ होत्या. मेनफ्रेम म्हणजे अख्खा हॉल, एसी आणि एकाच वेळी कितीतरी ऑफिसांची कामं. मिनी कपाटाएवढा, एका ऑफिसातल्या दहा-वीस जणांना पुरणारा. मायक्रो टेबलावर मावणारा, एका वेळी एकाचंच काम करणारा. आमच्या याद्या नागपुरात भाड्याच्या मेनफ्रेमवर निघायच्या आणि हातात पडायला महिना लागायचा. मग आमच्याकडे मायक्रो आला आणि मला शिंगं फुटली.

अडचण एकच. सगळे रुग्ण एका फ्लॉपीत मावेनात. दोन वापरता आल्या असत्या, पण मला एकीतच बसवून दाखवायचं होतं. मी शेऱ्याचा रकाना उडवला. त्यात 'बोडीवर', 'गुजरीजवळ' असलं काहीबाही असायचं. मला तो कचरा वाटला. वर प्रोग्रामला सांगितलं, नाव, गाव, वय सारखं दिसलं की दुबार नोंद समजून एक काढून टाक. प्रकल्पाच्या डॉक्टर मॅडमनी शाबासकीही दिली.

"बाया नवऱ्याचं नाव घेत नाही, साहेब," नाकाडे म्हणाले. "तो रकाना कोराच रायते. वय विचारलं तं म्हणते, असन चाळीसेक. मंग वळखाचं कसं? म्हणून घर कुठं ते शेऱ्यात लिवतो."

त्यांच्या जागी आलेला नवा माणूस यादीबरहुकूम चालला होता. त्याची काय चूक?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम, नाकाडे आणि मी जीपने आसगावला गेलो. कौसल्याबाईंनी आम्हाला बसवलं. चहा ठेवायचा म्हणून चुलीवरचं भाताचं पातेलं त्यांनी नुसत्या हातांनी उतरवलं. चटका बसल्याचं चेहऱ्यावर काही नाही. मॅडमनी धावत जाऊन त्यांचे हात धरले. तळव्यांवर जुने फोड होते. उजव्या हाताची दोन बोटं आत वळली होती. "मी लाखनीले गेलो तवा सरळ होती," नाकाडे म्हणाले.

"गोळ्या बंद झाल्या, तर कळवलं का नाही?"

"मले वाटलं, मी बरी झाली म्हणून तुमी येणं बंद केलं." बाई हसल्या. "देवीले नारळबी फोडला मी."

चूक माझी आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे.

"असू द्या बाबू. चहा घ्या," त्या म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या. रोग थांबला. आम्ही दुसरी फ्लॉपी वापरायला लागलो. पुढे टेबलावरच्या मशिनींनी त्या जुन्या मेनफ्रेमलाही मागे टाकलं. मशीन लहान की मोठं, ते कंपनीच्या कागदावर छापलेलं असतं. त्यात बसवण्यासाठी काय टाकून द्यायचं, ते आपण ठरवतो. ठरवण्याआधी सायकलवरच्या माणसाला विचारावं. मी विचारलं नाही, आणि त्या बाईंची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.