आत्याच्या पाठीतली बुक्की

चारचौघांत, भर उजेडात, हसत हसत मारता येईल आणि वर कुणी नावही ठेवणार नाही, असा जगात एकच मार आहे. बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, आणि जमलेल्या बाया तिच्या पाठीत बुक्क्या मारतात. भावजयीचा तर तो हक्कच. सगळ्या हळूच मारतात, आत्या खोटंखोटं विव्हळते, मग घुगऱ्या वाटतात, संपलं.

मी हळूच मारली नाही. चार वर्षं ती मूठ मी आवळून ठेवली होती.

आक्का म्हणजे आमच्या मालकांची थोरली बहीण. पिंगळीला दिलेली. घर स्टेशनच्या जवळ, नवरा नोकरीवर, दोन्ही पोरं पुण्याला शिकायला. घरात दिवसभर ती आणि टीव्ही. आमचं गाव पाथरीच्या अलीकडं, पण सासरे गेल्यापासून तिथल्या घरात शब्द चालायचा तो पिंगळीचा. रानात कोणतं बी टाकायचं इथपासून खिडकीला पडदा कोणता लावायचा इथपर्यंत फोनवर तिला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं. ती मला वाईट वागवायची असं मी म्हणणार नाही. ती मला खिजगणतीतच धरायची नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी झरीला गेले. मुलगी झाली. डोकंभर जावळ, हाताच्या मुठी घट्ट. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, लक्ष्मी आली गं. आणि मला काहीच वाटत नव्हतं. आनंद नाही, दुःख नाही, काही म्हणजे काही नाही. दुसऱ्याचं लेकरू कुणीतरी सांभाळायला देऊन गेलंय, एवढंच.

मग झोप उडाली. लेकरू झोपायचं, माय झोपायची, मी टक्क जागी. भूक गेली. बोलणं गेलं. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाजेखालच्या शेगडीचा धूर, सगळ्याची शिसारी यायला लागली. त्याच्यामागून भीती आली. माहेरच्या अंगणात आड होता. पोरीला मांडीवर घेतलं की मला तो आडच दिसायचा. विळी दिसली की मी उठून लांब जायचे. मला तिला काही करायचं नव्हतं हो! आपल्या हातून काही होईल की काय, ह्या धास्तीनंच मी अर्धी झाले होते. पण हे सांगायचं कुणाला, आणि कोणत्या तोंडानं?

शेवटी मायला सांगितलं. "माय, हिला जरा माझ्यापासून लांब ठेव. माझ्या हातून काहीबाही होईल."

माय घाबरली. तिनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, दंडाला काळा दोरा बांधला. पण विळी माळ्यावर टाकली, आडावर पत्रा ओढला, आणि पोरीला घेऊन माझ्याच बाजेला लागून अंथरूण घातलं. पोरगी भुकेली झाली की माझ्याजवळ आणायची, पिऊन झालं की उचलायची. मला एका शब्दानं तिनं काही विचारलं नाही. माझ्या आजाराचं नाव तिला ठाऊक नव्हतं, तरी आजारी माणसाजवळ बसायचं असतं एवढं तिला ठाऊक होतं.

बारशाला सासरची मंडळी जीप करून आली. आक्कानं नाव ठेवलं. मी भिंतीला टेकून बसलेली, केस विस्कटलेले, नजर कुठंच नाही. आक्कानं मायला आत बोलावून खोदून खोदून विचारलं, आणि माय बोलून गेली. बिचारीला वाटलं, शिकलेली बाई आहे, काहीतरी इलाज सांगील. आक्का बाहेर आली ती सगळ्या बायांच्या मधोमध उभी राहिली.

"हिचं डोकं फिरलंय," ती म्हणाली. "लेकराला आडात टाकीन म्हनायलीय. पोरगी मी नेते."

मी असं म्हणाले नव्हते. पण भांडायला माझ्याजवळ आवाज होता कुठं? आक्कानं पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि जीपमध्ये जाऊन बसली. मालक दाराशी उभे होते. बहिणीपुढं ब्र काढायची त्यांना सवय नव्हती. माझ्याकडं एकदा बघितलं आणि तेही बसले. मी उठलेसुद्धा नाही. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. आता तरी माझ्यापासून ती वाचली, असं वाटलं. आक्कानं माझ्या तोंडावर ते बघितलं आणि पुढं सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं की, लेकरू उचललं तर हिच्या डोळ्यात टिपूस न्हाई.

टिपूस डोळ्यात नव्हतं, पण दूध थांबत नव्हतं. पोरगी पिंगळीला पावडरचं दूध प्यायची आणि इथं माझी चोळी भिजायची. छाती दगडासारखी व्हायची, ताप भरायचा. माय वाटीत दूध पिळून काढायची आणि पायदळी यायला नको म्हणून जास्वंदीच्या बुडाला ओतायची. ओतताना पाठमोरी व्हायची. ती तिथं रडायची हे मला कळायचं, आणि तरी मला रडू येत नव्हतं.

पुढं मालक एकदा मला बघायला आले. मी त्यांना ओळख दिली नाही. तेव्हा कुठं त्यांना जाग आली. दुसऱ्या दिवशी परभणीला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली मनाच्या आजाराची डॉक्टरीण वयानं लहान होती पण आवाज करडा. तिनं मला सगळं बोलू दिलं, आडाचं, विळीचं, सगळं. मी म्हटलं, आता ही मला कोंडून टाकणार. तर ती म्हणाली, बाळंतपणानंतर लय बायांना असं होतं, बाया सांगत नाहीत एवढंच. जिला असल्या विचारांची एवढी भीती वाटते, तिला लेकराची काळजी आहे म्हणूनच ती घाबरते. गोळ्या दिल्या. मग मालकांकडं वळली. म्हणाली, लेकरू आईच्या जवळ पाहिजे आणि दोघींच्या जवळ कुणीतरी पाहिजे, लेकरू उचलून नेणं हा इलाज नाही.

मालकांनी बाहेर येऊन तिथूनच पिंगळीला फोन लावला. आक्का म्हणाली, गोळ्या खानाऱ्या बाईजवळ लेकरू देत असत्यात का? बंद होऊ दे गोळ्या, मग बघू. मालकांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या "बरं"चा राग माझ्या पोटात अजून आहे, आणि हे वाचून त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे.

गोळ्यांनी झोप आली. झोपेमागून भूक आली, आणि एक दिवस भाकरी थापता थापता मला रडू आलं. माझी पोरगी कुठंय, असं म्हणून मी पिठाच्या हातानं ऊर बडवला. मी बरी होत होते, आणि बरं होणं म्हणजे काय, तर माझं काय गेलंय हे आता मला दुखायला लागलं होतं. त्यानंतर आम्ही पिंगळीला जायचो. पाहुण्यासारखं सोफ्यावर बसायचो. आक्का पोरगी माझ्या मांडीवर द्यायची आणि चौकट धरून उभी राहायची, राखण करायला. चहा प्याला की म्हणायची, तिची झोपायची वेळ झाली. आणि घेऊन जायची.

शेवटी मालकांनी एकदा तोंड उघडलं आणि पोरगी घरी आली. तोवर ती चालायला लागली होती, बोलायला लागली होती. आक्काला आई म्हणत होती. मला तिनं काकू म्हणून हाक मारली. दारात आलेल्या कुठल्याही बाईला लेकरं म्हणतात तसं, काकू. आक्का ते ऐकून हसली आणि म्हणाली, होईल सवय हळूहळू.

त्या दिवशी मी ठरवलं की ही बाई मला एकदा रडताना दिसली पाहिजे. देवाला दुसरं काही मागितलं नाही. एरवी माझी मजल कुठवर? ती आली की चहात साखर कमी टाकायची, तिला पुरणपोळी आवडते म्हणून सणाला गुळाच्या पोळ्या करायच्या, तिचा फोन आला की पोरीला मुद्दाम अंगणात पाठवायचं. एवढ्यानं कुठं पोट भरतं? पोरीला आई म्हणायला शिकवता शिकवता माझ्या तोंडाला फेस आला. शिकली ती. पण ताप आला, पडली, घाबरली की पिंगळीचीच आई आठवायची.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी आधी परभणी गाठली. डॉक्टरणीनं सांगितलं, पुन्हा होऊ शकतं, पण ह्या वेळी आपण तयारीत राहू. मालकांना समोर बसवून कोणी काय करायचं ते ठरवलं. झालं सुद्धा पुन्हा. तितकं नाही, पण माहेरचा तो आड परत डोळ्यापुढं दिसायला लागला. फरक एवढाच की मी लगेच सांगितलं आणि घरात कुणी किंचाळलं नाही. माय येऊन राहिली. मालक रात्रीचे उठून लेकराला खांद्यावर टाकून फिरायचे, मला झोपू द्यायचे. सकाळी ओट्यावर बसून लंगोट धुवायचे. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, पण ते खाली मान घालून धूतच राहिले. एवढंच पाहिजे असतं हो बाळंतिणीला. पहिल्या खेपेला एवढंच पाहिजे होतं.

मुलगा झाला होता. बारसं सासरी करायचं ठरलं. आक्का सकाळच्या गाडीनं आली, झबलं-टोपडं घेऊन, नवी साडी नेसून. मी पडवीत बाळाला पाजत होते. आत सैपाकघरात ती सासूबाईंशी हळू आवाजात बोलत होती, पण पत्र्याच्या घरात हळू काय आणि मोठ्यानं काय.

"हिचं परत तसंच चाललंय म्हने," ती सांगत होती. "मी पावडरचा डबा घेऊनच आलेय. कारेक्रम झाला की लेकरू माझ्यासंगं देऊन टाका, चार लोकांत तमाशा नको."

सासूबाईंची पळी पातेल्यात वाजत राहिली. मालक मांडवाच्या खटपटीत. मी उठले, आक्काची पिशवी खुंटीवरून काढून बघितली. डबा होता. नवा, सीलबंद. माझ्या लेकराचं दूध तिनं परस्पर दुकानातून आणलं होतं, आणि मी अजून त्याला पदराखाली धरूनच होते.

बाया जमल्या. गोविंद-गोपाळ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, पाळण्यात ठेवलं. आक्का पदर सावरून वाकली. बायांनी हसत हसत हात उचलले. मी सगळ्यांना बाजूला सारून पुढं झाले. मुसळ धरताना आवळतात तशी मूठ आवळली आणि तिच्या पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध घातली. जीव खाऊन घातली.

आक्काचा श्वासच गेला. नाव घशात राहिलं. पाळण्याची दोरी धरून ती गुडघ्यावर बसली. बायांना आधी गंमत वाटली, मग त्यांचे उचललेले हात खाली आले. आक्कानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. डोळ्यात पाणी होतं. मला लय गोड वाटलं. खोटं कशाला बोलू, उन्हाळ्यात गार पाणी पोटात उतरावं तसं वाटलं.

"आक्का," मी म्हणाले, "हे लेकरू इथंच ऱ्हाईल."

तेवढ्यात उंबऱ्यावर घुगऱ्या खात बसलेली माझी लेक उठली. "आई!" म्हणून ओरडत पळत आली. घाबरली होती. मी खाली बसले, दोन्ही हात पसरले. ती माझ्या हाताखालून वाकून पुढं गेली. आक्काच्या पाठीला बिलगली. लहान हातानं पाठ चोळायला लागली, पदर बाजूला करून फुंकर घालायला लागली.

"लागलं का गं आई?" ती विचारत होती.

अख्खं घर बघत होतं. माझे हात तसेच पसरलेले. आक्काला तेव्हा काही करायचीच गरज नव्हती. नुसतं तिला कुशीत घेतलं असतं तरी मी जन्माची हरले असते. आक्कानं तिला पोटाशी धरलंही, जरा वेळ. मग तिची बोटं एकेक करून पदरातून सोडवली, खांद्याला धरून तिला माझ्याकडं वळवलं.

"मी आत्या हाय," ती म्हणाली. "आई ती बघ. जा."

पोरगी हलली नाही. आक्कानं तिला हलकेच ढकललं. ती आली. मी तिला कडेवर उचलून आक्काकडं पाठ केली, तिनं माझ्या गळ्याला हात टाकला आणि माझ्या खांद्यावरून मागं आक्काकडं बघत राहिली. आक्काही बघत होती. तिनं मला माझी लेक दिली, चारचौघांत दिली, आणि मला ते तिचे उपकार नको होते. मी परत उलटी फिरले, माझं तोंड आक्काकडं आणि पोरीची पाठ, पोरीला आक्का दिसू नये अशी.