वगळलेलं कपाळ

कात्रजच्या सोजरबाईंना एकदा लाज वाटली, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांच्या आळीतलं शेंबडं पोरही हसलं असतं. मोजणीला आलेल्या साहेबाला "आधी चपला काढा, उभं पीक हाय" असं सुनावणारी ही बाई. कांद्याच्या वावरावर बिल्डर डोळा ठेवून होते, त्या सगळ्यांना दारातून परत पाठवून तिनं स्वतःच बिल्डिंग बांधली आणि वर ठेवायला भाडेकरूही स्वतःच पारखून घेतले. असली बाई लाजणार कशी? पण लाजली हो. अशी लाजली की अजून पहिल्या मजल्याचा जिना चढताना त्यांचे पाय जड होतात.

त्या पहिल्या मजल्यावर इख्लास राहते. सुदानची. लग्नाआधी ती आणि तिचा नवरा दोघंही पुण्यातच शिकत होते, त्यामुळे तिला मोडकंतोडकं मराठी येतं. शिकून दोघं आपल्या देशात परतले, संसार थाटला, मुलगी झाली आणि मग तिथं लढाई पेटली. नवऱ्यानं या दोघींना सीमेपलीकडे काढून दिलं आणि स्वतः म्हाताऱ्या आईला आणायला मागं वळला. तो वळला तो वळलाच. परक्या जगात इख्लासच्या ओळखीचं एकच गाव होतं, म्हणून ती लेकीला घेऊन पुण्याला आली.

सोजरबाईंनी तिला जागा दिली आणि चांगल्या मनानं दिली, हे कबूल करायलाच हवं. इख्लास अंगभर लांबलचक वस्त्र गुंडाळते, त्याला ती 'तोब' म्हणते. सोजरबाईंना त्यात आपल्या आईचं नऊवारी दिसलं. "पदर घेती डोक्यावर, वळण हाय पोरीला," असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. राहायला आली त्याच दिवशी इख्लास म्हणाली होती, "मावशी, माझा फोन जुना, मधेच बंद पडतो. कैरोमध्ये माझा दीर आहे, त्याला तुमचा पण नंबर दिला. बाहेरचा फोन आला तर उचला हां."

"उचलीन की. त्यात काय एवढं!"

एक गोष्ट मात्र सोजरबाईंच्या डोळ्यांत खुपायची. इख्लासची मेंदी. हाताच्या बोटांवर, पायाच्या तळव्यांना, काळी कुळकुळीत. जरा फिकी झाली की बाई गॅलरीत बसून पुन्हा काढायची. सोजरबाई नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, त्या बाप्याचा पत्ता न्हाई, टीव्हीवर तिकडची मढी दाखवत्यात, आणि ही बया नटतीय!"

संपतराव पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "तुझी परवानगी काढायची राहिली असेल."

या संपतरावांचंच दिवाळीत हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून सोजरबाईंचा जीव टांगणीला. मांजर आडवं गेलं तरी त्या परत फिरायच्या. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा पार्किंगमध्ये मांडव घालून करायचं, ते नवऱ्याच्या आयुष्यासाठीच. आणि सूनबाई ऋतुजा मोकळ्या स्वभावाची, तिनं इख्लासलाही बोलावलं.

इख्लास आली ती केशरी तोब नेसून, मेंदी ताजी करून, सगळ्या बायकांच्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसली. सोजरबाई तबक घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत निघाल्या. इख्लाससमोर आल्या तर तिनं डोक्यावरचा पदर स्वतःच मागं सारला आणि कपाळ पुढं केलं. डोळे मिटलेले.

सोजरबाईंचं बोट कुंकवात बुडलेलं होतं. तेवढ्यात मनात आलं: हिचा नवरा कुठला जिवंत असायला! गेलेल्याच्या बायकोला कुंकू लावायचं, आणि तेच बोट पुढच्या सवाष्णीला? आपल्या माणसाचं ऑपरेशन आत्ता तर झालंय. त्यांनी बोट मागं घेतलं आणि पुढच्या बाईच्या कपाळाला लावलं. इख्लासच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मनाची टोचणी झाकायला वाणाचे दोन डबे दिले. सगळ्यांना एकेकच होता.

इख्लासनं डोळे उघडले. डब्यांकडे पाहिलं, सोजरबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि लेकीला उचलून वर निघून गेली. "रागावली वाटतं," असं म्हणून सोजरबाई पुढच्या रांगेकडे वळल्या.

त्यानंतर इख्लासचं दार काही उघडेना. मग एका सकाळी ऋतुजा वरून धावत आली. "आई, ती पांढरा तोब नेसून बसलीये. त्यांच्यात नवरा गेला की पांढरं नेसतात. बातमी आली असणार."

आणि इथं सांगायलाही जीभ उचलत नाही, पण सोजरबाईंच्या मनात पहिलं आलं ते असं: बघ, मी बोट मागं घेतलं ते बरोबरच होतं. वाईट वाटलं ते त्याच्यानंतर. मग मात्र त्या कामाला लागल्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं पिठलं-भाकरी पोचवायची, ही आपली रीत. त्यांनी भाकरी थापल्या, पिठलं हाटलं, ताट झाकलं आणि वर गेल्या.

इख्लास जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. तिचे हात पाहून सोजरबाई दारातच थबकल्या. लिंबू आणि सोडा घासून घासून तिनं मेंदी घालवायचा प्रयत्न केला होता. मेंदी थोडी फिकी झाली होती आणि कातडी सोलून निघाली होती.

"अगं, ही काय दशा करून घेतलीस?"

"आमच्यात नवरा आहे तीच बाई मेंदी काढते, मावशी," इख्लास म्हणाली. "नाही तिनं काढायची नाही." मग तिनं मान वर केली. "आता सांगा. मी ऐकते. फोन कधी आला?"

"कसला फोन?"

"दिराचा. तुम्हाला. ऋतुजा बोलली होती, ज्या बाईचा नवरा आहे तिलाच कुंकू लावतात. मी म्हटलं, माझा आहे. घरी येऊन पुसेन, पण एकदा लावून घेते. तुम्ही नाही लावलं. मला समजलं, तुम्हाला फोन आलाय. तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून हाताने सांगितलं."

सोजरबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि त्या तिच्यासमोर बसल्या. म्हणजे त्या माणसाला मारलं कुणी? तोफेनं नाही, बंदुकीनं नाही. आपल्या या बोटानं मारलं, तेही भर मांडवात, त्याच्या लेकीसमोर! 'कुंकू संपलं होतं गं,' असं म्हणून सुटायची सोय होती. जिभेवर आलंही होतं. पण ते सोललेले हात समोर होते.

"मला कुणाचा फोन न्हाई आला," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला काय बी ठाऊक न्हाई. मी आपलं माझ्याच मनानं ठरवलं, का तो नसंल. ह्यांच्या जिवाला भ्याले आणि तुला वगळलं. चुकले गं पोरी. जोड्यानं मार मला."

इख्लास पुढं सरकली. "फोन नाही?"

"न्हाई. ह्यांची शपथ."

आणि ती बाई हसली. रडता रडता हसली. सोजरबाईंना वाटलं होतं, आता चार शिव्या बसतील, बसायलाच हव्या होत्या. पण इख्लासनं त्यांचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "आभारी आहे मावशी. खूप, खूप आभारी." तिनं लेकीला आपल्या भाषेत हाक मारून काहीतरी सांगितलं, पोरगी टाळ्या वाजवत आली. हेच ते बोट, आणि त्याचंच हिला कौतुक! सोजरबाईंना भिंतीत शिरावंसं वाटलं.

तेवढ्यात इख्लासचं लक्ष ताटाकडे गेलं. कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखं तिनं फडकं बाजूला केलं, भाकरी मोडली, पिठल्याचा एक घास लेकीला भरवला आणि दुसरा स्वतः खाल्ला.

"किती छान!" ती तोंडात घास असतानाच म्हणाली. "हे तुम्ही माझ्यासाठी केलं? कधी करतात हे, मावशी?"

सोजरबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"आपलं... कधी बी करतो," त्या म्हणाल्या.