उंबराला दिलेला शब्द

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराला वर गॅलरी हाय, लोखंडी जाळीची. लग्न होऊन आले तवा तिथून शहराला लागूनचा साताऱ्याचा डोंगर सगळा दिसायचा, आन खाली समोरचा मोकळा प्लॉट. माझं पयलं बाळ पोटातच गेलं, तवा मी दिवसदिवस तिथंच बसून राहायची. त्याच साली कंपाउंडच्या भिंतीला चिटकून उंबर उगवलं. कुणी लावलं नव्हतं. आपोआप आलेलं उंबर म्हंजे दत्ताचं, आमच्यात ते उपटत नायत. दुसऱ्यांदा दिवस गेले तवा एका गुरुवारी मी त्याला हळदकुंकू वाह्यलं आन कुणाला न विचारता बोलून बसले, लेकरू सुखरूप होऊ दे, तुला कधी धार लागू देनार नाय.

पोरगी झाली. धडधाकट झाली.

मंग दोघं संगंच वाढले. ती रांगायला लागली तवा शेंडा गॅलरीच्या खाली होता, पळायला लागली तवर वर आला. दोन्हीकडनं दोन फांद्या अशा आल्या की डोंगर मधी चौकटीत बसवल्यावानी दिसायचा. मी मोबाईलवर फोटो काढला, लई खूश होते. नंतर चौकट बारीक होत गेली. आधी डोंगर गेला, मंग रस्ता. पोरगी प्लॉटवर खेळायची, तिचा पिवळा फ्रॉक मला पानांतल्या एका भोकातून दिसायचा. नाय दिसला की भाकर तव्यावर सोडून मी खाली पळायची.

शेजारची काकू म्हनायची, "काय गं, घरात झाड हाय का झाडात घर?"

मी हसायची, आन पानांतल्या भोकातून पिवळा फ्रॉक शोधायची.

या पावसाळ्यात एक फांदी रस्त्याच्या विजेच्या तारेला टेकली, आन तीच पुढं येऊन आमच्या जाळीलाबी टेकली. ओले कपडे वाळू घालताना जाळीला हात लागला तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. वाटलं, वहम असंल. दुसऱ्या दिशी परत. तिसऱ्या दिशी बघते तर पोरगी लाकडी पाटावर चढलेली, जाळीतून हात घालून पिकलेलं उंबर तोडायला निघालेली. हात जाळीपासून चार बोटांवर राह्यला होता. मी कंबरेला धरून अशी ओढली की दोघीबी फरशीवर पडलो.

वायरमन आला. खालूनच बघून म्हनला, "ताई, जाळीत करंट उतरतोय. फांदी आजच तोडा."

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "देवाच्या झाडाला कोयता? ज्याच्यामुळं लेकरू मांडीवर आलं, त्याला?"

"आत्याबाई, तिचा हात लागला असता वो."

"मंग गॅलरीला कुलूप लाव. झाडाला काय दोष देती?"

आमचे हे म्हनले, "तुमचं तुमी ठरवा, माझी ड्यूटी हाय," आन कंपनीची वाळूजची बस धरायला निघून गेले.

हळदकुंकू वाह्यलेलं घरात ठाऊक हाय, पन उंबराला शब्द काय दिला होता ते कुणालाच ठाऊक नाय, यांनाबी नाय. तोडलं तर शब्द मोडतो, लेकरावर येतं. ठेवलं तरी लेकरावरच येतं. वायरमन खांबापाशी उभा, घड्याळ बघतोय, पोरगी माह्या पदराला धरून उभी. मी म्हनलं, "तोडा, भाऊ."

त्यानं लाईन बंद केली. कोयत्याचे तीनच घाव. पांढरा चीक गॅलरीत टपटप गळला. फांदी पडली तसं घरात एकदम ऊन आलं, किती वर्षांनी, डोळे मिटले माझे. उघडून डोंगर बघायला गेले तर डोंगर नायच. तिथं चार मजली बिल्डिंग, हिरवी जाळी लावलेली. पानांमागं कधी उभी राह्यली, कळलंच नाय आमाला.

आत्याबाई आत गेल्या. हळद कालवून आनली आन झाडाच्या घावावर लावली, जशी मानसाला लावतात.

तवापासून मी पोरीच्या कपाळाला हात लावून बघते. उठली की, जेवली की, खेळून आली की. ती वैतागते, "मम्मी, सारखा सारखा हात काय लावती गं?"

आज चौथा दिवस, गुरुवार हाय. सकाळी कपाळ गार होतं. आत्ता लावला तर कोमट लागतंय, का गॅसपाशी माझाच हात तापलाय, कळत नाय. हात धुऊन, पुसून परत लावते.