शेफ अय्यूब उल्लेखनीय आहेत का?

शेफ अय्यूब यांनी काखेतली गुंडाळी सोडली आणि माझं टेबल कॉम्प्युटरसकट फ्लेक्सखाली गेलं. फ्लेक्सवर ते स्वतःच होते. उंच पांढरी टोपी, हाताची घडी, मागे कर्नाळ्याचा सुळका आणि पुढे कोळंबी. खाली शुभेच्छुकांचे फोटो.

"घ्या सर, पुरावा. महिनाभर नाक्यावर होता. सगळ्या पनवेलने वाचलाय."

आमचं ऑफिस पनवेल स्टेशनजवळ, एका मेडिकलच्या वर. तिथून एक मराठी ऑनलाइन ज्ञानकोश चालायचा. मी सहायक संपादक. घरातला पहिला पदवीधर. आमच्याकडे पुस्तक म्हणजे शाळेचं पुस्तक, त्यामुळे ज्ञानकोशात बसून पगार मिळतो याचंच मला अप्रूप होतं. नियम मी फार मनावर घ्यायचो.

सगळ्यात मोठा नियम उल्लेखनीयतेचा. माणूस आपल्या कामात चांगला असून भागत नाही. ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, अशांनी त्याच्याविषयी सविस्तर लिहिलेलं आणि छापलेलं हवं. जाहिरात चालत नाही, घरचं कौतुक चालत नाही. फ्लेक्सवरचे शुभेच्छुक कोण, असं मी विचारलं. सगळे मेहुणे निघाले. एक मटणवाला होता, पण त्याचाही धंद्याचा संबंध आलाच.

तेव्हा शेफ खुर्ची ओढून बसले आणि खरी गोष्ट सांगितली. बरीच वर्षं आखातातल्या हॉटेलांत काढून ते परत आले होते आणि आता लग्नांच्या ऑर्डरी घ्यायचे. मुलीचं उरणच्या एका घरात जमत आलं होतं. होणारे व्याही कुवेतला, बोलण्यात जरा भारी. पहिल्याच भेटीत ते आपल्या खानदानाविषयी सांगत सुटले, तेव्हा शेफ बोलून गेले की माझं तर नाव ज्ञानकोशात आहे. आता व्याही तीन आठवड्यांनी, शुक्रवारी जेवायला येणार होते.

"पोरीच्या सासरी बाप आधीच खोटा ठरला तर तिने मान वर कशी करायची, सर?"

मी नोंदीचा प्रस्ताव टाकला. प्रस्ताव आला की आमच्याकडे एक चर्चापान उघडतं. नोंद असावी की नसावी, यावर तिथे कोणीही लिहू शकतं आणि ते सगळ्यांना दिसतं. शेफना म्हटलं, पेपरात काही आलं असेल तर आणा. ते म्हणाले, होऊन जाईल.

त्यांनी स्वतःचा सत्कार ठेवला, करंजाडेच्या एका हॉलमध्ये. मला नुसतं बघायला बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून येणारे नगरसेवक आलेच नाहीत, आणि माइकवरून घोषणा झाली की ज्ञानकोशाच्या संपादकसाहेबांनी स्टेजवर यावं. सगळ्या माना वळल्यावर नाही कसं म्हणणार? मी शेफना शाल घातली. मग रीतीप्रमाणे शेफनी मला घातली. भाषणाचीही वेळ आली. मला फक्त नियम येत होते, म्हणून तेच समजावून सांगितले आणि या नियमांनुसार शेफ आज तरी बसत नाहीत, हेही सांगितलं. टाळ्या थांबेनात.

त्या आठवड्याच्या स्थानिक पेपरात मथळा आला, 'शेफ अय्यूब यांच्या कार्याची ज्ञानकोशाकडून दखल'. फोटोत मी, शालीत. शेफ ते कात्रण पुरावा म्हणून घेऊन आले.

आमच्या मुख्य संपादक दामले मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे पुरावा तूच आणि निकाल देणारा पण तूच. बिर्याणी खाल्लीस?"

"हो मॅडम."

"कशी होती?"

मी खरं ते सांगितलं.

"हे चर्चापानावर लिहू नकोस. निकाल मी देते. तू फक्त कारणं लिही."

मी लिहायला बसलो. फ्लेक्सचं मूल्यमापन केलं, मेहुण्यांची नाती स्पष्ट केली, शाल जाहीर केली. मेहुणे तावातावाने उत्तरं द्यायला लागले. शिरढोणच्या कोणीतरी लिहिलं की भावाच्या लग्नात यांचं जेवलोय, नोंद झालीच पाहिजे. नागपूरहून कोणीतरी विचारलं, हे कोण? मी प्रत्येकाला नियम दाखवत गेलो. पान कर्नाळा किल्ल्याच्या नोंदीपेक्षा लांब झालं. शेवटी मॅडमनी दोन शब्द लिहिले, 'नोंद नाही'.

गुरुवारी फोन मीच केला. शेफना निकाल सांगितला.

"म्हणजे नाहीच?"

"नाहीच."

"ठीक आहे, सर. उद्या सांगून टाकतो त्यांना."

शनिवारी शेफ मिठाईचा बॉक्स घेऊन हजर. सांगायची वेळच आली नव्हती. व्याह्यांनी जेवता जेवता मोबाइलवर त्यांचं नाव टाकलं, तर नोंदीऐवजी चर्चापान उघडलं. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी ते खालपर्यंत वाचलं. म्हणाले, आमच्या खानदानात कोर्टातसुद्धा कोणावरून एवढं भांडण झालं नाही. मग विचारलं, हे पनवेलचे संपादक तुमच्या एवढे मागे का लागलेत?

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, मोठ्या माणसाला दुश्मन असायचेच." शेफनी बॉक्स माझ्याकडे सरकवला. "माफ करा सर. बोलून गेलो."

लग्नाला मी गेलो. व्याह्यांनी माझा हात धरून मला टेबलाटेबलावर नेलं आणि "हेच ते" अशी ओळख करून दिली. प्रत्येक जण मला आग्रहाने वाढत होता.

शेफ अय्यूब यांची नोंद आमच्याकडे अजून नाही. त्या पानानंतर मी एक शिकलो. ज्याला नोंद नाकारायची, त्याच्याविषयी थोडक्यात लिहावं.