डावीकडचं चाक

आमचे आप्पा गाडी सुरू करण्याआधी तिच्यापुढे वाकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटे, भाविक माणूस दिसतो, गाडीला नमस्कार करतोय. पण आप्पा डावीकडच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसत, टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत बोटं घालत, काहीतरी पुटपुटत आणि हात झटकून उठत. त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी आप्पा म्हटलं की मला आधी ती वाकलेली पाठच आठवते.

आप्पा माझे चुलते, राहणार धसई. उभा जन्म एस.टी.च्या स्टेअरिंगमागे काढलेला. निवृत्त झाल्यावर लोक घराला स्लॅब घालतात. आप्पांनी जुनी, पिवळीधमक, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. गाडी इतकी बुटकी की समोरून कोंबडी गेली तरी आप्पा मान उंच करून बघत. आप्पाला म्हातारचळ लागला, असं गावाने एकमताने ठरवून टाकलं आणि त्या ठरावाला मीही हात वर केला होता.

खरं कारण त्यांनी एकदा ओट्यावर पान लावता लावता सांगितलं. "सगळा जन्म तुझी काकी माझ्या गाडीत बसली, पण पाठीमागं, बाकीच्या पाशिंजरांत. आमी दोघं शेजारी बसून कदी कुठं गेलोच नाय गो." या गाडीत मागे बसायला जागाच नव्हती. म्हणूनच ती त्यांच्या मनात भरली होती.

अडचण होती ती रस्त्यावरच्या गतिरोधकांची. दोघं बसले की गाडीचं पोट टेकायचं. मग काकीने उतरायचं, पदर सावरत गतिरोधक चालत ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचं. तिचे गुडघे धरलेले. त्या खोलगट सीटमधून उठताना ती सगळ्या देवांची नावं घेई. एक दिवस म्हणाली, "ह्यापरीस तुमची यष्टी बरी होती." ते आप्पांना फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शहापूर गाठलं. हायवेवरच्या टायरवाल्याने सरळ सांगितलं, "आप्पा, एवढी मोठी चाकं घातली तर गाडी उचलंल, पण शेजारी कोण बसलं का टायर मडगार्डला घासंल. एक माप खालचं घ्या."

"तू मला चाकं शिकवतो?" आप्पा म्हणाले आणि चंदेरी मॅगव्हीलच्या रिमांवर मोठाले टायर चढवून घरी आले. एकटेच होते, त्यामुळे कुठे टेकलं नाही की घासलं नाही. दारात हॉर्न असा वाजवला की शेजारीपाजारी वरात बघायला आल्यासारखे बाहेर आले.

काकी ऐटीत बसली. बाजारातल्या पहिल्याच खड्ड्यात डावीकडून खर्र असा आवाज आला. काय झालं, तिने विचारलं. आप्पांना खोटं बोलता येत नसे, तिथेच घात झाला. "तू बसल्यानं घासतं गो."

"म्हंजे मी जड काय?"

भर बाजारात ती उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर गाडीचं नाव काढलं तरी ती तोंड फिरवी. आप्पा एकटेच ती डावी सीट पुसत बसायचे. मला त्यांची फार दया येई.

शेवटी ते पुन्हा शहापूरला गेले, मडगार्डची आतली कड ठोकून मुडपून घेतली. घासणं कमी झालं, पण पुरतं गेलं नाही. मग चुलीपाशी जाऊन बसले. "जुनी चाकं परत लावतो. तू नाय बसायची, तर गाडी घेऊन मी काय करू?"

काकीने भाकरी उलटली. "आन मंग मी परत उतरत बसू? ऱ्हाऊ दे. वाजंल तर वाजू दे."

तेव्हापासून बोटं घालायची सवय लागली. काकी आधी बसायची, मग आप्पा वाकायचे. "दोन बोटं जातात. चल." खड्डा आला की खर्र वाजे आणि जन्मभर रस्त्यावरची नजर न हलवलेला हा ड्रायव्हर हसत डावीकडे बघे. काकी लटक्या रागाने म्हणे, "पुढं बघा." मुरबाडचं लग्न असो की खर्डीची माहेरची माणसं, दोघं अशीच वाजत जायची.

काकी आजारी पडली आणि गेली. पुढे टायर झिजले तेव्हा आप्पांबरोबर शहापूरला मी होते. टायरवाला हळूच म्हणाला, "आता बरोबर मापाचे घालू आप्पा. आवाज कायमचा जाईल."

"तेच माप घाल," आप्पा म्हणाले.

परतताना मी पुन्हा काकीच्या जागी बसले. आप्पा नव्या टायरपाशी वाकले, बोटं घातली, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथेच राहिले. "तीन जातात. नीट जेवत जा गो, पोरी."

वाटेत खड्डा आला. गाडी दणकन आपटली, पण चाक काही वाजलं नाही. तरी आप्पांची मान सवयीने डावीकडे वळली आणि तशीच राहिली.

"पुढं बघा, आप्पा," मी कशीबशी म्हणाले.